मोठ्याईला दिलेलं अर्धं उत्तर

१५ जून २०२५

मोठ्याई,

दोन वर्षांपूर्वी महालक्ष्मीच्या जेवणाच्या दिवशी सगळ्या बायका तुझ्यावर तुटून पडल्या, तेव्हा मी तोंड का उघडलं नाही? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की तो पाठ झाला आहे. उत्तर मात्र येत नाही. भीती म्हणावी, तर मी कुणाला भीत होते? लाज म्हणावी, तर मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, पाळी हा शब्द वर्गात उभं राहून उच्चारायची सवय झाली होती. मला खरंच माहीत नाही. काहीतरी जुळवून लिहिण्यापेक्षा तेवढं लिहून टाकते.

पत्र पाहून तुला नवल वाटलं असेल. फोन केला की तू माझा आवाज ऐकून ठेवून देतेस, आणि तो फोनही तुझ्या लेकाचा, कपिलदादाचा. जे विचारायचं आहे ते दादाच्या फोनवर विचारण्यासारखं नाही. शिवाय कागद फाडायचा झाला तरी थोडा वाचला जातोच. तुला वाचता येतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मी तिसरीत असताना माझ्याच पाटीवर तू अक्षरं गिरवायचीस आणि ‘ळ’ उलटा काढायचीस.

तू दादाकडे दिग्रसला गेल्यावर मी पास झाले. आपल्या घरातली पहिली पदवी. बाबांनी पेढे वाटले, पण बाबांच्या ज्या मोठ्या वहिनीनं त्यांच्यापुढे बसून विचारलं होतं, “पोरीले पराटीत कापूस येचतच ठेवाची हाय का जनमभर?” ती पेढे खायला नव्हती. आता मी आपल्याच गावच्या आरोग्य उपकेंद्रात आहे. पांढरा कोट घालते. पहिल्या महिन्यात म्हाताऱ्या बायका मला पाहून नुसत्या हसायच्या. माझ्या नाकातून शेंबूड गळताना पाहिलेल्या त्या, माझ्याकडून रक्तदाब कसा मोजून घेणार?

पण घेतात आता. दर बुधवारी दुपारी चाळिशीच्या पुढच्या बायकांची बैठक असते. ती मी सुरू केली. सरकारी कागदात तिला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही, पण शकुबाईनं नाव ठेवलं आहे ‘भडका मंडळ’. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “ओ मॅडमबाई, माह्या अंगातून अशी वाफ निघते का डोक्यावर कुकर ठेवला त तीन शिट्ट्या होतीन.” सगळ्या हसल्या आणि मग एकेक बोलू लागली. कुणाला शिंक आली की लुगडं ओलं होतं. कुणाला रात्रभर झोप नाही. कुणी म्हणाली, सुनेवर उगाच ओरडते आणि मग गोठ्यात जाऊन रडते. त्यांना वाटत होतं हे आपलं एकटीचं आहे. आपलं डोकं फिरलं आहे. मी सांगितलं की अंगातलं एक चक्र बंद होत आलं की शरीर काही वर्षं असं गडबडतं, ते वेड नाही, आणि सोसत बसायचंही कारण नाही. व्यायाम दाखवले. लघवी थांबवताना जो स्नायू आवळतो तो बसल्या बसल्या कसा आवळायचा, ते शिकवलं. शकुबाई म्हणाली, “हे त कापूस वेचताना बी करता येते, मुकादमाले काय कळते!”

होय, तीच शकुबाई. त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं बोलली होती तीच. म्हणून लिहिते आहे. तिला मी नाकारू शकत नाही, ती माझी पेशंट आहे. पण ती हसली की मला तू आठवतेस.

तुला झोप लागते का? गुडघे कसे आहेत? प्रियंका वहिनीला सांगितलंस तरी चालेल, ती मला कळवेल.

तुझी
समी

६ जुलै २०२५

मोठ्याई,

वहिनीचा निरोप आला: “सासूबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि डाळीच्या डब्यात ठेवलं.” चुलीत घातलं नाहीस एवढ्यावर मी दुसरं लिहिते आहे.

मागच्या महिन्यात शकुबाई बैठकीत आली ती मिरवतच. “खुशखबर हाय. दोन सालानं माही पाळी वापस आली. नवऱ्याले सांगितलं त म्हने, आता पाळणा आनू का काय?” बायकांनी तिला टाळ्या दिल्या. मी हसले नाही. बैठक संपल्यावर तिला आत बोलावलं आणि सांगितलं की पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी ती पाळी नसते. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघतं, पण किरकोळ आहे की मोठं, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. ती म्हणाली, “पोरी, भेव दाखवू नको.” मी म्हटलं, “भीती नाही दाखवत, यवतमाळ दाखवते.” आणि तिला घेऊन गेले.

सोनोग्राफी झाली. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. शेंगदाण्याएवढी गाठ होती, ती काढली. रिपोर्ट साधा आला. शकुबाईनं बसस्टँडवर मला आलुबोंडा खाऊ घातला आणि गाडीत खिडकीशी बसून एकदम म्हणाली, “समीक्षा, हंसाबाईचा त्या दिवशीचा डाग बी असाच होता काय गं?”

मी तिचा रिपोर्ट पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवला. 

मागच्या पत्रात मी लिहिलं की मी तोंड उघडलं नाही. ते खरं आहे, पण अपुरं आहे. मी फक्त गप्प बसले असते तर इतर बायकांइतकीच दोषी झाले असते. त्या दिवशी सकाळचं तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. तू न्हाणीच्या दाराशी मला हाक मारलीस. माझे हात पुरणानं भरले होते. तू हळूच म्हणालीस, “समे, तू शिकेल हायस म्हनून इचारते. डाग दिसला मले. पाळी असंन त मी बाजूले बसते, तुह्या मायले, शीलाले सांगते सगळं कर म्हनून. लक्ष्मीपुढं खोटेपना नको.”

मी विचारलं, पाळी जाऊन किती दिवस झाले. तू म्हणालीस, दीड वर्ष.

“मग ही पाळी नाही मोठ्याई. जा तू, पूजेला बस.”

तू माझ्या शब्दावर गेलीस. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता सरळ विचारते. त्यानंतर पुन्हा डाग दिसला का?

समी

२७ जुलै २०२५

मोठ्याई,

तुझी चिठ्ठी मिळाली. वहीचं अर्धं पान, चार ओळी, पण अक्षर तुझंच. ‘ळ’ आता सरळ आला आहे.

मी ती इतक्या वेळा वाचली की पाठच झाली. “डाग येते. कधी महिन्यानं, कधी दोन. कोनाले सांगू नको, तुह्या मायले त नाहीच. लक्ष्मीनं देल्लं, लक्ष्मी पाहीन.”

मी आज दिवसभर कामात होते, पण मन तिथेच. दोन वर्षं, मोठ्याई. शकुबाईला दोन डागांवर मी यवतमाळला नेलं आणि तू दोन वर्षं डाग सोसत दिग्रसला बसली आहेस, कारण तुला वाटतं ही देवीची शिक्षा आहे. आणि तुला तसं का वाटतं, तर त्या दुपारमुळे.

ती दुपार मला लिहूनच टाकू दे. तू आंबील वाढायला वाकलीस. आई मागून म्हणाली, “अवं बाई, लुगड्याले काय लागलं हे?” मोठ्यानं म्हणाली. पत्रावळीवरच्या सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. मग शकुबाई, “घरच्या मोठ्या सुनंनंच लक्ष्मी बाटवली, आता गावाले काय सांगाचं?” कुणीतरी उठलं, कुणी ताट सरकवलं. तू सरळ उभी राहिलीस आणि एकदाच माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. मी बोलेन म्हणून पाहिलंस. माझ्या हातात कढीचं भांडं होतं. मी पुढच्या द्रोणात कढी वाढली. मग त्याच्या पुढच्या. तू म्हणालीस, “माहीच चूक झाली,” आणि माझं नाव घेतलं नाहीस. आठ दिवसांनी दादा तुला न्यायला आला, तेव्हाही घेतलं नाहीस.

आता माझी खरी चूक ऐक, कारण ती ना आईला कळली आहे ना तुला. मी तुला सांगितलं की ही पाळी नाही. ते बरोबर होतं. पण ते अर्धंच उत्तर होतं. पुढचं वाक्य मला येत होतं. आठच दिवसांपूर्वी परीक्षेत लिहून आले होते: पाळी नसेल, तर रक्त कुठून येतं ते ताबडतोब तपासा. परीक्षेत त्याला दोन गुण होते. तुला ते सांगितलं नाही, कारण तू मला विटाळाबद्दल विचारलं होतंस आणि मीही विटाळाचंच उत्तर दिलं. पोळ्या व्हायच्या होत्या. तू पूजेला बसू शकतेस की नाही, एवढंच मी पाहिलं. घरातल्या कुणीच, ज्या मुलीला तू शिकवलंस तिनंसुद्धा, तुला काय होतंय असं विचारलं नाही.

देवीचा यात काही संबंध नाही. मी देव मानते, तरी सांगते. शकुबाईला हाच डाग आला, तिनं तर कुठलीच पूजा बाटवली नव्हती.

यवतमाळला चल. मी सोबत असेन. आत फक्त बाई डॉक्टर असतील. सोनोग्राफी, आणि लागलाच तर अस्तराचा तुकडा काढतील, तेही थोडा वेळ दुखतं, मग नाही. खोटा धीर देणार नाही. काही निघालं तर लवकर निघालेलं बरं, त्यावर उपचार आहे.

समी

१७ ऑगस्ट २०२५

मोठ्याई,

तुझं उत्तर एका ओळीचं: “गावानं जे म्हटलं ते मले पटलं, आता डॉक्टर काय वेगळं सांगीन?”

मी आठ दिवस या ओळीवर विचार केला. मी तुला कितीही पुस्तकातलं लिहिलं तरी उपयोग नाही. गावानं म्हटलेलं गावातच फिरवायला हवं, मग तू डॉक्टरचं ऐकशील. सुरुवात घरातून केली. तू सांगू नको म्हटलंस ते तुझं आजचं दुखणं. ते मी सांगितलं नाही. त्या दिवशी मी काय केलं, ते माझं आहे. ते मी आईला सांगितलं.

आई तूर निवडत होती. ऐकून झाल्यावर तिचा हात थांबला नाही. निवडता निवडताच म्हणाली, “म्हंजे तिनं तुले इचारलं होतं.”

“हो.”

“अन् तू हो म्हटलं.”

“हो.”

“अन् म्या तिले चव्हाट्यावर आनलं.” मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, “पदर टाकता आला असता गं मले. नुसता मागं उभी राह्यली असती तरी झालं असतं. पन मले वाटलं, एकदा तरी या घरात माहं चालंन.”

मोठ्याई, मी आईला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं.

मग तिनं मला दुसरं सांगितलं, जे मला नर्स असून घरात राहून कळलं नव्हतं. तू गेल्यापासून ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोन्ही लक्ष्म्या तीच उभ्या करते. पाळीचा नेम नाही, कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. म्हणून नेरच्या दुकानातून गोळ्या आणते, पाळी पुढे ढकलायच्या. मागच्या वर्षी पंधरा दिवस घेतल्या आणि मग अठरा दिवस अंगावरून जात राहिलं. ती तशीच शेतात निंदायला जात होती. “बसलं का उठता येत नोहतं. म्हटलं वयानं होत असंन.”

मी दुसऱ्या दिवशी तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात पूर्णांक आठ. माझ्या बुधवारच्या वहीत गावातल्या बेचाळीस बायकांचा आकडा लिहिलेला आहे, त्यात माझ्याच आईचा नव्हता. आता नेरच्या रुग्णालयात लोहाचे डोस सुरू आहेत, डॉक्टरीणबाईंनी तपासलं आहे, आणि गोळ्यांचं पाकीट मी तिच्यासमोर फेकून दिलं. ती म्हणाली, “अन् ऐन लक्ष्म्यांच्या दिवशी आली त?”

“आली तर आली. मी उभ्या करीन.”

“ज्येष्ठेचा मान हंसाबाईचा हाय,” आई म्हणाली. तुझं नाव या घरात दोन वर्षांनी निघालं.

समी

३ सप्टेंबर २०२५, सकाळ
दिग्रस बसस्थानक

मोठ्याई,

हे पत्र पेटीत टाकायचं नाही, म्हणून घाई नाही. सगळं क्रमानं लिहिते.

आईची पाळी आली नाही. शकुबाईच्या मते या वयातली पाळी एसटीसारखी असते, फलकावर वेळ लिहिलेली असते एवढंच. रविवारी लक्ष्म्या बसल्या. आईनं कनिष्ठा उभी केली. ज्येष्ठेला तिनं तुझं हिरवं लुगडं नेसवलं, तू जाताना दोरीवर विसरलेलं. बाबा म्हणाले, “नवं आनलं हाय ना?” आई म्हणाली, “नवं पुढच्या साली.”

सोमवारी जेवणाला त्याच सगळ्या बायका होत्या. तीच पंगत, तीच आंबील. मी वाढायला घेतलं आणि तुझ्या जागेपाशी आल्यावर भांडं खाली ठेवलं.  मी म्हटलं, “दोन वर्षांपूर्वी या दिवशी मोठ्याईनं सकाळी मला विचारलं होतं, पूजेला बसू का. मी बस म्हटलं. तिला पाळी नव्हती. तिनं काही लपवलं नाही, लपवलं मी. तुम्ही तिला बोललात तेव्हा मी इथेच उभी राहून कढी वाढत होते.”

पंगतीत कुणी जेवेना. एक म्हातारी म्हणाली, “आता सांगून काय फायदा, पोरी? ते दिवस गेले.” दुसरी पुटपुटली, “शिकलं म्हंजे देवापुढं बी तोंड चालते.” मला वाटलं, आता ताटं सरकतील. तेवढ्यात शकुबाई हात न धुताच उठली. “मले बी आला होता तसाच डाग. मले यवतमायले नेलं, गाठ निघाली, काढली. माह्यावर कोनती लक्ष्मी कोपली होती, सांगा बरं? मी त लक्ष्म्याच बसवत नाही, माह्या घरी सोय नाही.” मग खाली बसून म्हणाली, “सगळ्यात मोठ्यानं मीच बोलली होती हंसाबाईले. भाजी आन इकडं, थंडी होऊन राह्यली.”

बायका जेवल्या. कुणी माफीबिफी मागितली नाही, तू तशी वाट पाहू नकोस. पण निघताना तिघी मला ओसरीवर बाजूला घेऊन म्हणाल्या, आम्हालेबी डाग येते. त्यातल्या एकीची पाळी जाऊन सात वर्षं झाली आहेत. तिघींनाही पुढच्या आठवड्यात यवतमाळला नेते आहे.

आईनं ज्येष्ठेपुढचा एक विडा उचलून फडताळात ठेवला. काल विसर्जनानंतर ज्येष्ठेचं लुगडं उतरवलं, घडी केली आणि विड्यासकट माझ्या पिशवीत दिलं. म्हणाली, “तिले म्हन, म्या देल्लं. अन् म्हन...” आणि पिशवीला गाठ मारली. ते तुम्ही दोघी जावा पाहून घ्या.

आजची बुधवारची बैठक शकुबाई घेते आहे. ती काय शिकवेल देव जाणे, पण रक्तदाबाचं यंत्र मी कपाटात बंद करून आले आहे. दोन दिवसांची रजा टाकली. यवतमाळला उद्या सकाळी अकराची वेळ घेतली आहे, तुझ्या नावानं; आजच निघू, रात्री तिथेच राहू. कारण कुणाला सांगितलेलं नाही. दादाला एवढंच सांगितलं की मोठ्याईला तपासायला नेते, तर तो म्हणाला, “ती येणार नाही.” मी म्हटलं, “मी न्यायला येते म्हटल्यावर पाहू.”

शेवटच्या ओळी तुझ्या ओट्यावर बसून लिहिते आहे. प्रियंका वहिनीला मी शप्पथ घातली आहे की तिनं हे पत्र तुझ्या हातात द्यायचं आणि तू ते वाचेपर्यंत मी आल्याचं सांगायचं नाही. तू आत तांदूळ धुते आहेस, मला ऐकू येतंय. पिशवी मांडीवर आहे, त्यात तुझं हिरवं लुगडं, विडा आणि काल रात्री मी भरून ठेवलेला तुझा कागद: नाव, वय, पाळी बंद झाल्याचं साल, डाग सुरू झाल्याची तारीख. ती तारीख मला विचारावी लागली नाही.

चष्मा आणि आधारकार्ड घे. मी चपला काढलेल्या नाहीत.

समी